उपवासकाळ : आपल्या धर्मग्रामात दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस; त्याच्या पहिल्या दिवशी कपाळाला राख लावतात, तो राखेचा बुधवार. त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुटली की चर्चच्या ओट्यावर मला हे प्रश्न गाठतात. काही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांतून येतात, काही शहादा-धडगावकडच्या पाड्यांवरून, काही आमच्या शेजाऱ्यांचे असतात. मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, म्हणून उत्तरंही माझ्याकडेच मागितली जातात. ती एकदा नीट लिहून काढली, फादरांना वाचून दाखवली आणि त्यांनी जिथे दुरुस्त केलं तिथे केलं.

उपवासकाळ कधी लागतो? तारीख दरवर्षी का सरकते?

राखेच्या बुधवारी लागतो आणि पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची मिस्सा सुरू होते तिथे संपतो. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला; २०२७ मध्ये बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला.

सगळं ईस्टरवरून मागे मोजलं जातं, आणि ईस्टर चंद्रावरून ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहा : ती पौर्णिमा बहुतेक वर्षी एकतर होळीची असते, नाहीतर हनुमान जयंतीची. २०२४ मध्ये होळी नेमकी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पेटली होती. २०२६ ची हनुमान जयंती पवित्र गुरुवारी. मुलांना हे कॅलेंडर समोर धरून शिकवलं की ती पुढच्या वर्षीचा ईस्टर स्वतःच शोधून आणतात.

चाळीस दिवस म्हणता, पण मोजले तर शेहेचाळीस भरतात.

मधले सहा रविवार वगळा. प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस असतो, त्या दिवशी उपास नसतो. बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत उरतात ते चाळीस. येशूने रानात काढलेले दिवस तेवढेच.

राख कुठून येते? बुधवारी येता आलं नाही तर पाप लागतं का?

मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून राख करतात. आपल्याकडे नारळाच्या झावळ्या थोड्या, शिंदीच्या जास्त. त्या वर्षभर घराघरांत क्रुसामागे खोचलेल्या असतात. त्या वाळक्या झावळ्या बुधवारच्या आठवडाभर आधी चर्चमध्ये आणून द्या, कचऱ्यात टाकू नका. शिंदीचं पान चटकन पेटतं आणि राख अगदी थोडी पडते, म्हणून एकेक घर मोलाचं.

राखेचा बुधवार हा रविवारसारखा मिस्सेच्या बंधनाचा दिवस नाही. कामावरून सुटका झाली नाही तर पाप नाही. पण त्या दिवशीचा उपास आणि मांस वर्ज्य करणं मात्र तुम्ही शेतात असा की रेल्वेच्या डब्यात, लागू आहे; उपासातून कोण मोकळे ते पुढे लिहिलंय. ज्या पाड्यावर फादर पोचू शकत नाहीत तिथे त्यांनी आशीर्वाद दिलेली राख घेऊन कॅटेकिस्ट मास्तर, म्हणजे पाड्यावरचे धर्मशिक्षक, जातात आणि प्रार्थना घेऊन कपाळाला लावतात. ती राख तितकीच खरी.

शेजारच्या काकू विचारतात, "तुमना उपासले भगर चालस का?" काय सांगायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तो उत्तर द्यायला सर्वांत चांगला आहे. कारण "उपास" हा शब्द आपला आणि शेजाऱ्यांचा एकच, पण त्याची रीत वेगळी.

एकादशीच्या उपासाला पदार्थ बदलतात. ज्वारी-गहू बाजूला, भगर-साबुदाणा ताटात. आपल्या उपासाला पदार्थ नाही, प्रमाण बदलतं. दिवसात एकच पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं, इतकं थोडं की ते दोन्ही मिळूनसुद्धा एक जेवण होऊ नये. मधे-मधे खाणं नाही. भाकरी चालते, वरण चालतं, दूध चालतं. भगरही चालते, पण भगर खाल्ली म्हणून उपास झाला असं होत नाही.

असा सक्तीचा उपास वर्षात दोनच दिवस : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बराच सुटसुटीत केला. त्याआधीचे उपास पुष्कळ कडक असत.

लग्न होऊन इकडे आले त्या पहिल्या वर्षी मी राखेच्या बुधवारी शेजारणींचं पाहून साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट सढळ हाताने, वर बटाट्याची भाजी, ताक. दुपारी मला रोजच्यापेक्षा जड झालं आणि मी झोपले. संध्याकाळी कपाळावर राख घेताना आठवलं, की आज दिवसभरात मला भूक लागलेलीच नाही. तेव्हापासून मी त्या दिवशी सकाळी अर्धी भाकरी आणि चहा, दुपारी साधं जेवण, रात्री वाटीभर मुगाचं पाणी एवढंच घेते. पोटात भूक असते आणि ती असावी असंच वाटतं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुमचा उपास अवघड आहे. मला वाटतं दोन्ही अवघड आहेत, मनापासून केले तर.

शुक्रवारी मटण नाही, हे कळलं. मासे? अंडी? नुसता रस्सा?

उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी आणि राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य. वयाची चौदा पूर्ण झाली की हा नियम लागू, त्याला वरची मर्यादा नाही. मासे, अंडी, दूध, तूप चालतं. कोंबडी हे मांसच आहे. दरवर्षी कुणीतरी विचारतं म्हणून लिहिते.

रश्शाबद्दल माझं स्वतःचं मत असं : तुकडे काढून नुसता रस्सा वाढून घेणारा माणूस पळवाट शोधतोय हे त्यालाही ठाऊक असतं. खान्देशात मांसाविना जेवण करायला कुणाला अडचण यावी? वांग्याचं भरीत आहे, डाळगंडोरी आहे, कळण्याची भाकरी आणि ठेचा आहे. आमच्याकडे शुक्रवारी शेवभाजी होते. फक्त ती इतकी चमचमीत करू नये की घरातले मटणाच्या दिवसापेक्षा शुक्रवारची वाट पाहू लागतील. महागडा मासा मुद्दाम आणून मेजवानी करणं नियमात बसतं, पण काळात बसत नाही.

शुक्रवारी एखादा मोठा सोहळा-सण आला तर मांसाचा नियम त्या दिवशी सुटतो. २०२७ मध्ये १९ मार्चला, संत योसेफच्या सणाला, असंच होणार आहे.

मार्चमध्येच ऊन चाळीसच्या घरात जातं. उपास झेपत नसेल तर?

पाणी पिण्याला कधीही बंदी नाही. औषधाला नाही. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकरी घेण्याच्या, आधी तासभर काही खायचं नसतं, तेव्हाही पाणी आणि औषध चालतं, आणि म्हातारी व आजारी माणसं या तासाच्या नियमातूनही मोकळी आहेत.

मधुमेह असलेले, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, आजारातून उठलेले, वीटभट्टीवर किंवा केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणारे, यांनी उपास करू नये. करू शकत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. एका वर्षी गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेवर, म्हणजे येशूच्या दुःखाची चौदा स्थानं चालत म्हणायच्या प्रार्थनेत, एक मावशी अकराव्या स्थानाजवळ भोवळ येऊन पडल्या. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, मधुमेहाची गोळी मात्र घेतलेली. देवाने हे मागितलेलं नाही. ज्यांना अन्नाचा उपास जमत नाही त्यांनी दुसरा धरावा : मोबाईलचा, तंबाखूचा, चिडून बोलण्याचा. शेवटचा सगळ्यात कठीण.

आम्ही तोडीवर असतो. गावात नसतानाचा उपवासकाळ कसा पाळायचा?

नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि उपवासकाळाचा बराच भाग त्यांचा उसाच्या फडात जातो. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

दिवसभर कोयता चालवणाऱ्यावर उपासाचं बंधन नाही. बहुतेक जण तिथे भाकर-ठेच्यावरच राहतात, त्यांना "कमी खा" सांगणारी मी कोण? शुक्रवारी मांस नको, एवढं बहुधा आपोआप होतं. शुक्रवारी संध्याकाळी खोपटाबाहेर सगळ्यांनी मिळून क्रुसाची वाट म्हणा. चौदा स्थानांची चित्रं नसली तरी चौदा दगड मांडून होते, आणि मी ती तशी झालेली पाहिली आहे. लहान मुलं एका दगडापासून दुसऱ्याकडे जायला अधीर असतात. कुणीतरी मोठ्याने वाचतं, बाकीचे "आम्हांवर दया कर" म्हणतात, बैल रवंथ करत असतात.

जवळपास एखादं चर्च असेल तर रविवारी जा. भाषा गुजराती असली तरी मिस्सा तीच आहे. पापनिवेदन आणि ईस्टरची कम्युनियन परत आल्यावर केली तरी चालते. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नास दिवस असतो. परत आलात की फादरांना भेटा, "आता उशीर झाला" म्हणून थांबू नका.

आणि गावात राहिलेल्यांसाठी : तोडीवर गेलेल्यांची नावं आपण दर रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत घेतो. ज्यांच्या घरी म्हातारे आई-वडील मागे आहेत त्यांच्या घरी या चाळीस दिवसांत एकदा तरी जाऊन या. दानधर्म म्हणजे फक्त पैसे नव्हेत.

मुठीचा डबा म्हणजे काय? नव्याने आलेल्यांना माहीत नाही.

राखेच्या बुधवारी प्रत्येक घराने एक रिकामा डबा ठेवायचा. रोज स्वयंपाकाला लागण्याआधी त्यात एक मूठ धान्य टाकायचं. दादर ज्वारी असेल तर दादर, तांदूळ असतील तर तांदूळ, डाळ असेल तर डाळ. पीठ नको, त्याला जाळी लागते. विकत पीठ आणणाऱ्यांनी नाणं टाकावं.

माझा डबा पत्र्याचा आहे, पूर्वी त्यात बिस्किटं आलेली. पहिल्या दिवशीची मूठ तळाशी पडते तेव्हा खडखडून वाजते. दुसऱ्या आठवड्यापासून आवाज बंद होतो. एकदा चाळीस मुठी वजन करून पाहिल्या तर पावणेदोन किलो भरल्या. एका घरच्या मुठी फार नाहीत. पण झावळ्यांच्या रविवारी वेदीसमोर सगळे डबे एका पोत्यात ओतले जातात तेव्हा पोतं उभं राहतं.

उपास, प्रार्थना आणि दान हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत. मी अर्धी भाकरी कमी खाल्ली आणि ती अर्धी माझ्याच डब्यात शिळी झाली, तर फक्त माझं वजन कमी झालं. ती कुणाच्यातरी ताटात पोचली पाहिजे. म्हणून मूठ स्वयंपाकाच्या आधी टाकायची, उरल्यावर नाही. ते धान्य धर्मग्रामातल्या आणि बाहेरच्याही, कोणत्याही जातिधर्माच्या, अडचणीतल्या घरांना जातं. कुणाला गेलं हे फादर आणि मंडळातले दोघे सोडून कुणी विचारत नाही. याशिवाय उपवासकाळात कारितास इंडिया या कॅथलिक सेवासंस्थेच्या भूक आणि रोगराईविरुद्धच्या मोहिमेसाठी देशभर वर्गणी होते, तिचं पाकीट वेगळं.

होळी उपवासकाळात येते. भोंगऱ्या बाजाराला जायचं की नाही?

भोंगऱ्या म्हणजे होळीआधी भरणारा आदिवासींचा बाजार. सातपुड्यातल्या आपल्या माणसांचा हा खरा, मनाला टोचणारा प्रश्न आहे. वर्षभर बाहेर असलेला मुलगा होळीला घरी येतो. भोंगऱ्यात कपडे, हारकडे, डाळ्या-गूळ घेतो, नातेवाईक भेटतात. त्याला घरात बसवून ठेवणं ही प्रायश्चित्ताची रीत आहे असं मला वाटत नाही.

बाजाराला जा. आई-बापांना, काका-मामांना भेटा, त्यांच्या घरी जेवा. शुक्रवार असेल तर मांस नको म्हणा, ते समजून घेतात. ढोल ऐका. होळीच्या पूजेत मात्र आपण भाग घेत नाही. श्रद्धा एका ठिकाणी आणि हात दुसऱ्या ठिकाणी असं आपल्याला करता येत नाही. दारूपासून लांब राहा. नवस, मान यांबाबत घरात ओढाताण होत असेल तर आधी फादरांशी बोला, भांडून घराबाहेर पडू नका.

एक गोष्ट मला दरवेळी सांगावीशी वाटते. होळीसाठी जे वेश घेऊन बावा, बुध्या होतात ते आधी कित्येक दिवस पाळणी करतात. जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते तोवर त्यांनी ते सगळं सोसलेलं असतं. आपल्या तरुणांना मी म्हणते, तुमचे चुलतभाऊ हे करतात ते नीट पाहा. सणाआधी देह आवरायचा असतो हे या डोंगराला आपण यायच्या आधीपासून ठाऊक आहे.

चाळीस दिवस दारू सोडतो, ईस्टरला पुन्हा सुरू होते. याला अर्थ आहे का?

आहे. चाळीस दिवस ज्या घरात भांडण झालं नाही त्या घरातल्या बायकोला विचारा. पण मोहफुलांच्या दिवसांत, ज्यांची दारू होते ती फुलं दारातच वाळत असताना सोडणं एकट्याने होत नाही. दोघा-तिघांनी मिळून ठरवा आणि एकमेकांना संध्याकाळी भेटा, कारण अवघड वेळ ती असते.

एक इशारा गंभीरपणे : जो रोज खूप पितो त्याने एका दिवसात एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटा. ते भेटणं हाच त्या उपवासकाळाचा पहिला नेम समजा.

फादर ओळखीचे आहेत. त्यांच्यापुढे पापनिवेदन करायला लाज वाटते.

लाज वाटणं वाईट नाही. ऐकलेलं कुणालाही, कशासाठीही सांगायला फादरांना सक्त मनाई आहे. पोलिसांनाही नाही, बिशपांनाही नाही. तरीही नको वाटत असेल तर उपवासकाळात एक दिवस शेजारच्या धर्मग्रामांतले फादर एकत्र येतात, तेव्हा अनोळखी फादरांकडे जा. गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी निवेदन करायलाच हवं. पुष्कळ वर्षं झाली असतील आणि सुरुवात आठवत नसेल, तर तेच सांगा : "फादर, मला कसं करायचं ते आठवत नाही." पुढचं ते हाताला धरून नेतात.

या काळात लग्न, साखरपुडा, बाप्तिस्मा चालतो का?

लग्नाला मनाई नाही, पण गाजावाजा टाळायचा. बँड, आहेराची मिरवणूक, मोठी पंगत ईस्टरनंतर. आपली लग्नसराई तशीही एप्रिल-मेमध्येच असते, तेव्हा थोडं थांबलं तर बिघडत नाही. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी मात्र लग्न होत नाही. बाळाचा बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरपर्यंत थांबवतात. बाळ आजारी असेल तर एक दिवसही थांबू नका. पवित्र गुरुवार ते शनिवार कुणी वारलं तर दफन होतं, पण मिस्सेशिवाय.

वेदीवर फुलं का नाहीत? "आलेलुया" का म्हणत नाही?

वाट पाहायची म्हणून. फुलं नाहीत, गौरवगीत नाही, तबला-पेटी फक्त गाण्याला आधार देण्यापुरती, वस्त्रं जांभळी. चौथ्या रविवारी थोडी सूट असते. आलेलुया ईस्टरच्या रात्री परत येतो, आणि चाळीस दिवस न म्हटल्यामुळे तेव्हा घशात दाटतो.

माझी बायको ख्रिस्ती नाही. तिने राख घेतली तर चालेल? शेजारी आले तर?

राख कुणीही घेऊ शकतं. क्रुसाच्या वाटेला, झावळ्यांच्या मिरवणुकीला, पाय धुण्याच्या विधीला सगळ्यांचं स्वागत आहे. पाय धुण्यासाठी निवडलेल्यांत बायकाही असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये तसा बदल केला. फक्त कम्युनियन कॅथलिकांसाठी आहे. त्या वेळी तिने बाकावर बसून राहावं, किंवा रांगेत येऊन छातीवर हात जोडावेत म्हणजे फादर आशीर्वाद देतील. तिला हे आधीच घरी सांगा, ऐनवेळी रांगेत नको.

पवित्र आठवड्याच्या वेळा?

नेमक्या वेळा चर्चच्या फळ्यावर लागतील. गुड फ्रायडेची उपासना मुळात दुपारी तीनच्या सुमाराची, पण आपल्याकडच्या उन्हामुळे संध्याकाळी ठेवतो. क्रुसाची वाट पहाटेच आटोपते. त्या दिवशी मिस्सा नसते, जगात कुठेही नसते. ईस्टरची जागरणाची उपासना अंधार पडल्यावरच सुरू होते. मेणबत्ती आणि तिच्याखाली धरायला पुठ्ठ्याची चकती घरून आणा, मागच्या वर्षी मुलांच्या हातावर मेण सांडलं. पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी रात्री मुक्कामाची सोय आहे, अंथरूण आणा.

सगळं पाळते, पण घरात एकीशी बोलणं बंद आहे. चालेल का?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी हे वर्गात कितीदा शिकवलं. आणि माझं माझ्या जावेशी तीन वर्षं बोलणं नव्हतं. वाटणीतल्या एका विहिरीवरून. त्या तीन वर्षांत माझा एकही उपास चुकला नाही, मुठीचा डबा काठोकाठ भरला.

चौथ्या वर्षी पवित्र आठवड्याच्या सोमवारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले. पलीकडच्या गच्चीवर ती एकटीच बिबडे थापत होती. खाटेवर ओलं धोतर पसरलेलं, पातेल्यात ज्वारीचं शिजवलेलं पीठ, अजून वाफ येत होती. बिबडे एकटीने होत नाहीत, पीठ गार व्हायच्या आत थापावं लागतं. पूर्वी आम्ही दोघी करायचो. मी काय बोलायचं ते ठरवत जिना उतरले, तिचा जिना चढले, आणि वर पोचेपर्यंत सगळं विसरले. हात धुतले, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि एक गोळा उचलला. तिने वर पाहिलं नाही. दोन-तीन बिबडे झाल्यावर म्हणाली, "हातले पानी लाव, चिटकस."